तिथं रोजच अमावस्या

आई गेल्यावर बाबांनी बोलणं टाकलं आणि जेवणही. दोन घास भात खाल्ला की ताट बाजूला. अंबरनाथच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर अॅडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. मी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच "बरं" म्हणत होते. रडू म्हणून येत नव्हतं. कुळगावची मावशी तर तोंडावर म्हणाली, "दगड आहेस गं तू." असेन बाई.

रजा टाकून मी सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये बाबांशेजारी बसायचे आणि मोबाइल बघायचे. काय बघतेय त्याचंही भान नसायचं. एका दुपारी खोल समुद्रातला व्हिडिओ लागला. मिट्ट काळोख, वरून सोडलेल्या यंत्राचा उजेड आणि त्यात एक किंग क्रॅब, भलामोठा खेकडा, चाललेला. लालभडक, अंगभर काटे, लांबच लांब पाय. त्याला कसली म्हणून घाई नव्हती. गार चिखलात एक पाय टेकवायचा, मग दुसरा. मला तो आवडला. त्याला कुणी येऊन समजावत नव्हतं.

"हा अमावस्येला भरतो का?"

मी दचकलेच. बाबा मोबाइलमध्ये डोकावत होते. आमच्याकडे चिंबोऱ्या आणायच्या त्या अमावस्येलाच. तेव्हा त्या मांसाने भरलेल्या असतात. पौर्णिमेची म्हणजे नुसतं कवच. आई त्यावरून कोळणीशी भांडायची.

"बाबा, तिथं चंद्राचा उजेडच पोचत नाही."

ते विचारात पडले. "मग तिथं रोजच अमावस्या. रोजच भरलेला असणार लेकाचा." आणि मग, "आपली कधी आहे?"

मी उठून कॅलेंडर बघितलं. परवाच होती.

बदलापूरच्या बाजारातून चिंबोऱ्या आणल्या, आईसारखं वाटण घातलं. कसलं जमतंय! जाळ तिखट झालं. तरी बाबांनी रस्सा भातात कालवला. एक घास, दुसरा, तिसरा. मी नुसती त्यांच्या हाताकडे बघत होते. नळी टळली, एवढंच डोक्यात.

मग त्यांनी एक नांगी फोडली, आतलं मांस अख्खं काढलं आणि माझ्या ताटात ठेवलं. ताट कोरडंच होतं.

"तू कधी जेवणार?" ते म्हणाले. "इतके दिवस बघतोय मी."

तेव्हा कुठं मला रडू फुटलं. चांगलं हमसून, नाक गळेपर्यंत. बाबांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"रड," म्हणाले, "पण खा."