पल्लवीच्या नावावरचे कोल्हे

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. आणि जिला सांगायलाच हवं होतं, तिला तर नाहीच — म्हणजे परवाच्या रविवारपर्यंत नाही. आता तुम्हाला सांगते आहे.

आधी एक सांगून टाकते, मी सुखात आहे. धायरीत आमचं स्वतःचं घर आहे, बाल्कनीतून डोंगराची एक कड दिसते, नोकरी मनासारखी आहे. वाळवंटात झाडांना बांधलेले कॅमेरे समोर काही हललं की आपोआप फोटो काढतात. ते फोटो पुण्यात आमच्याकडे येतात आणि त्यातला प्राणी कोणता, हे आम्ही ओळखतो. बरेचसे फोटो रिकामेच असतात — वाऱ्याने गवत हललेलं. मग शेळ्या. मग एखाद्या उंटाचा नुसताच गुडघा. आणि मधेच कधीतरी थेट कॅमेऱ्याला नाक लावून बघणारं साळिंदर! इतकी वर्षं झाली, तरी असा फोटो आला की मी खुर्चीत सरसावून बसते. लोकांना सोमवार नकोसा वाटतो, मला नाही वाटत.

मग हे उकरायचं कशाला? — कारण या सुखात माझं नसलेलंही काही आहे.

पल्लवी माझ्या आधीपासून तिथे होती. कर्वेनगरात जन्मलेली, वाढलेली, बोलायला तिखट. मी भंडाऱ्याहून नुकती आलेली, विश्रांतवाडीला मावशीकडे राहायचे. माझ्या बोलण्याला कुणी हसलं, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली होती, की हिचं मराठी तुमच्या इंग्रजीपेक्षा बरं आहे. त्यानंतर कुणी हसलं नाही. काम तिनेच शिकवलं मला. खोकड आणि वाळवंटी कोल्हा दिसायला जवळजवळ सारखे. ती सांगायची, चेहऱ्यावर जाऊ नकोस, शेपूट बघ. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं, वाळवंटी कोल्ह्याचं पांढरं. तिची नजर अशी, की धुरकट फोटोत अर्धा कान दिसला तरी प्राण्याचं नाव सांगायची. आणि ते बरोबर असायचं.

एका शुक्रवारी तिला ताप भरला, ती दुपारीच घरी गेली. तिच्या टेबलावर एका कॅमेऱ्याचं कार्ड तसंच राहिलं होतं. म्हटलं, आपण करून टाकू. चांगुलपणाच होता तो, सुरुवातीला तरी. पहिल्या काही फोटोंत प्राणी समोर तोंड करून बसलेला होता, शेपूट दिसत नव्हती. मी खोकड म्हटलं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. संध्याकाळची गाडी पकडायची होती, गावी चुलतबहिणीचं लग्न होतं. उरलेले फोटो — सांगते, सांगते — उरलेले सगळे फोटो मी एकदम निवडले आणि सगळ्यांना एकच नाव देऊन टाकलं. खोकड. न बघता. कार्ड तिच्या टेबलावर ठेवलं आणि पळाले. कॉम्प्युटर दोघींचा एकच, त्यामुळे कुणी काय केलं हे त्यात कळायचं नाही. लग्नाहून परत आले, तर सांगायचं विसरले. तोपर्यंत खरंच नुसतं विसरलेच होते.

पुढे त्याच फोटोंवर आमच्या सरांनी बाहेरून आलेल्या लोकांसमोर भाषण केलं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, या शेपटीचं टोक पांढरं दिसतंय का? पुढच्या फोटोतही पांढरं. त्याच्या पुढच्याही. सरांचे कान लाल झाले. पाहुणे गेल्यावर त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते कार्ड पल्लवीकडे दिलेलं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं.

"पल्लवी," ते म्हणाले, "कोल्ह्याला शेपूट असते, हे आपण कधीतरी ऐकलं असेलच."

मी तिच्या शेजारी उभी होते. तेव्हाच मला सगळं आठवलं. वाटलं, आता ती म्हणेल की मी नाही केलं, मग मी बोलेन. पण ती म्हणाली, "सॉरी सर. मला ताप होता त्या दिवशी. माझ्याच हातून झालं असणार."

तिला खरंच तसं वाटत होतं! आणि मी? माझं तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही — असं लिहायला बरं वाटलं असतं. तोंड उघडलंच नाही.

त्या थंडीत कॅमेरे बदलायला वाळवंटात जायचं होतं. जीपमध्ये आमच्यातल्या एकीलाच जागा होती आणि ती पल्लवी हे ठरलेलं होतं. सरांनी मला पाठवलं.

आता जे खरं सांगायचंय ते हे. तुम्हाला वाटेल, तिथे माझं मन मला खात असेल. नाही हो. मी तिथे खूश होते. एका सकाळी बाभळीच्या झुडपामागे आम्ही थांबलो होतो. समोर बिळाच्या तोंडाशी एक वाळवंटी कोल्हा ऊन खात बसला होता. त्याने जांभई दिली, उठला, अंग ताणलं आणि शेपूट झटकली — ते पांढरं टोक! मी तोंडावर हात दाबून हसत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा मला पल्लवीची आठवणसुद्धा झाली नाही. तिच्या जागेवर बसून मी तिला विसरले.

परत आल्यावर तिने सगळं खोदून खोदून विचारलं आणि मी रंगवून सांगितलं. पण तिचं एक सुरू झालं होतं. प्रत्येक फोटोला ती मला हाक मारायची. जरा बघतेस का, मला खात्री वाटत नाही. ती, मला! मी उठायचे, तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे. एक वाक्य बोलायचं होतं मला, ते सोडून हे दुसरंच रोज बोलत राहिले. वर्षभराने तिने नोकरी सोडली. आता हिंजवडीला आहे, माझ्यापेक्षा बरं चाललंय तिचं. मैत्री टिकली. कधीमधी रविवारी येते.

परवा आली होती. बाल्कनीत आम्ही मटार सोलत बसलो होतो. समोरच्या तारेवर एक पक्षी येऊन बसला. मी सहज विचारलं, शिक्रा का गं? तिने पाहिलं आणि म्हणाली, "असेल. मला नको विचारूस, मला त्यातलं कळत नाही."

किती सहज म्हणाली. घराचा पत्ता सांगावा तसं.

मी सांगितलं. शुक्रवार, गाडी, न बघता दिलेलं नाव, सगळं. तिचे हात चालूच होते. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ते फोटो मी बघितलेच नव्हते?"

"नाही."

"आठवायचा किती प्रयत्न केला मी. म्हटलं, एवढं कसं विसरतो माणूस." तिने पुढची शेंग सोलली. मग विचारलं, "तिकडे मजा आली होती ना तुला?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "हो," म्हटलं. "खूप."

तिने मांडीवरची सालं झटकली, हात धुतले. चहा नको म्हणाली. पुन्हा कधी येईन, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ती गेल्यावर मी उरलेले मटार सोलले, भात टाकला, आम्ही दोघं जेवलो. त्या रात्री मला शांत झोप लागली. तिला लागली का, मला माहीत नाही.