निरोपाची दोन टोकं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एम.एस्सी. झाल्यावर मी मुंबईत संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत दिली आणि तोंड पाडून गावी आले. कट्टा नावाच्या बाजारगावाच्या अलीकडे आमचं गाव. बाबा शाळामास्तर. त्यांनी ओरोसच्या एका कचेरीत माझा क्लार्कचा अर्ज आधीच घातला होता, साहेबाला दोनदा भेटूनही आले होते. "जागा गावली तर मुंबय, नायतर ओरोस," असा आमचा करार. कारकुनीला मी नावं ठेवत नाही, पण मला तिथे जायचं नव्हतं.

मुलाखतीत एकच प्रश्न नडला. पेशीत जनुकाचा निरोप घेऊन जो आरएनए निघतो, त्याच्या मधल्या भागावरून प्रथिन बनतं. दोन्ही टोकांवरून काहीच बनत नाही. मग ती टोकं हवीत कशाला? आमच्या पुस्तकात यावर एक ओळ नव्हती. मी मात्र ग्रंथालयात नवी नियतकालिकं चाळलेली. म्हटलं, प्रथिन कधी करायचं, किती करायचं, निरोप किती वेळ टिकवायचा, हे ती टोकंच ठरवतात. शरीरात लोह कमी असलं, की लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा निरोप सुरुवातीच्या टोकापाशीच अडवून धरला जातो. समोरच्या प्राध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न." झालं, मुंबई संपली असं मी धरून चालले.

गावात फोन नव्हता. कट्ट्याच्या एका दुकानात होता. दुकानदार निरोप एसटीच्या कंडक्टरला सांगायचा, कंडक्टर आमच्या थांब्यावर. एका संध्याकाळी कंडक्टरने गाडीतूनच हाक दिली, "गुरुजी, चेडवाची निवड झाली हा. आठवड्यात हजर होवक सांगल्यानी."

माझी निवड म्हणजे ओरोसच असणार, दुसरं कोण कळवणार? आईने शेजारी साखर वाटली. मी मागीलदारी जाऊन पोटभर रडले.

सोमवारी सकाळी बाबा आणि मी ओरोसच्या गाडीत बसलो. कट्ट्याला गाडी थांबली. दुकानदार पेपरांचा गठ्ठा घ्यायला आला होता, मला बघून चाटच पडला.

"गो, तू अजून हयच? मुंबयक कधी जातलंस?"

"मुंबयक कित्याक?" बाबांनी विचारलं.

"फोन मुंबयसून इल्लो, हिच्या मैत्रिणीचो. संशोधनाची जागा गावली हा हिका."

"मगे तसा सांगूक काय झाला?"

"मुद्द्याचा ता सांगलंय. कोणाचो, खंयसून, ह्यो पसारो कंडक्टराक कित्याक?"

मेल्याने दोन्ही टोकं छाटून मधलं तेवढं धाडलं होतं. एरवी मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं, पण मला हसू आवरेना. इतकं सुटल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

बाबा माझी पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "उतर. घराक जा, बांधाबांध कर."

"आणि तुमी?"

"माका जावक होया. सायबाक तोंडार सांगूक होया."

गाडी सुटली. हात जोडून मागितलेली नोकरी हात जोडून परत करायला बाबा एकटेच ओरोसला गेले.