शिवक्कांचा गाठींचा दोरा

आधी शिवक्कांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. शिवक्का म्हणजे माझ्या सासरच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. घरात कन्नड बोलतात, दारात मराठी. बेंगळूरची ही नोकरी त्यांच्या बहिणीनं बघून दिली. पण मी त्यांचं नाव त्यासाठी घेत नाही. आपल्या आईला आपल्या मापाचं शिवता येतं, हे माझ्या पोराला त्यांच्यामुळं कळलं. माझी शाळा सातवीत सुटली. लिहिताना काही चुकलं, कुणाला लागलं, तर राग धरू नका. गावातलं कुणी वाचेल ही धाकधूक आहेच. तरी पोर मागं ठेवून लांब आलेल्या माझ्यासारख्या बाया असतील, त्यांच्यासाठी लिहिते.

निघाले त्या सकाळी शौर्य झोपला होता. तेव्हा तीन वर्षांचा. अंगावर मीच शिवलेली वाकळ, म्हणजे गोधडी, होती. मी खाली वाकले तशा आत्ती, म्हणजे सासूबाई, दारातनं म्हणाल्या, "उठवू नगंस त्येला. रडाय लागलं तर दिसभर कोण बघणार? तू तर चाललीस." मी वाकळेचं टोक त्याच्या पायाखाली खोचलं आणि पिशवी उचलली. एसटी स्टँडपर्यंत सोबत शिवक्का आल्या. बस हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "जेवत जा. आन पोराची काळजी करू नगंस, मी हाय की." आत्तींनी मागाहून त्याला सांगितलं, तुझी आई तुला न बघताच गेली.

ती वाकळ त्याच्या वडिलांच्या शर्टांची होती. ते हुपरीला चांदीच्या कामाला जायचे. एका संध्याकाळी परत येताना रस्त्यात दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी होती, त्यांना ती दिसली नाही. दिवसकार्य झाल्यावर आत्ती त्यांचे कपडे वाटून टाकायला निघाल्या होत्या. मी शर्ट तेवढे मागून घेतले आणि शिवक्कांच्या सोप्यात बसून वाकळ शिवली. मधोमध निळ्या चौकड्यांच्या शर्टाची पुढची बाजू लावली, खिशासकट. शौर्य झोपताना त्या खिशात हात घालायचा. शर्टाची पाठ मी घडी करून माझ्याजवळ ठेवली, तीच पिशवीतनं बेंगळूरला आणली. माझी आई म्हणायची, "वाकळ मोठीच शिव बाई, पोर त्यात वाढतंय." म्हणून चांगली ऐसपैस शिवली होती.

आमच्या घरात पोरांचं सगळं मीच शिवायची. जावेच्या तिन्ही पोरींच्या कुंच्या, टोपडी, झबली, बारशाची दुपटी. हे काम मला शिवक्कांनीच शिकवलं. त्या पोराला टेप लावत नाहीत. दोरा धरायचा आणि गाठ मारायची. "टेप बघून पोरगं ताठ हुतंय, दोऱ्याला फसतंय," म्हणायच्या. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही, पण गल्लीतल्या निम्म्या पोरांनी त्यांच्या हातची कुंची घातलेली आहे.

इथं मी कारखान्यात लहान मुलांचेच कपडे शिवते, ही गंमत बघा. पुरता कपडा माझ्या हातून कधी जात नाही. आमची लाइन बाह्यांची. दिवसभर बाही जोडायची, पीस पुढं सरकवायचा. सुपरवायझर टार्गेट टार्गेट करत मागं फिरते. लेबलवर वय छापलेलं असतं, त्या वयाचं पोर कुठल्या देशात आहे कुणास ठाऊक, पण त्याच्या दंडाचा घेर मला पाठ झाला. शेजारच्या मशीनवरची मंजुळा रोज विचारते, "ऊटा आयता, अक्का?" जेवण झालं का म्हणून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शिवक्काच बोलल्यासारखं वाटलं आणि माझी सुई मोडली. आता मीही तसंच विचारते. खोलीत आम्ही चौघी राहतो. रविवारी घरमालकीण तिचं पायमशीन वापरू देते. तिचेही उपकारच.

पहिल्या गोकुळाष्टमीला अंगणवाडीत शौर्यला कृष्ण करायचं ठरलं. मी फोनवर आत्तींना माप विचारलं. त्यांनी छाती, उंची, सगळं सांगितलं. मी पिवळा पितांबर आणि जरीच्या काठाचा अंगरखा शिवून पाठवला. मग घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. अंगरखा बेंबीच्या वर चढलेला, बाही कोपरात अडकलेली, आणि पोर दोन्ही हात वर करून उभं. मागनं आत्तींचा आवाज, "बघा रं, ह्येच्या आईला वाटतंय ह्यो अजून रांगतोय." सगळे हसत होते. शौर्यही हसत होता, कारण सगळे हसत होते.

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. दिवाळीला दोनदा विचारून घेतलं, त्यांनी सांगितलेलं परत म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "व्हय, बराबर." तो सदरा गुडघ्याच्या खाली आला. आत्तींनी त्याला तो घालून भावकीत घरोघरी फिरवलं. ती कसली आई, जिला पोराचं माप ठाऊक नाही, असं बोलणं झालं. दिरांना तीन मुलीच. पोर दत्तक म्हणून त्यांच्या मांडीवर द्यायचं हे घरात आधीपासून चाललं होतं, माझी हूं मिळेना म्हणून अडलेलं. आता मला विचारायची गरजच संपत चालली. फोन लावला की शौर्य आत ओरडायचा, "मम्मी, बेंगळूरवाली बोलतीया." मम्मी म्हणजे माझी जाऊ. बेंगळूरवाली म्हणजे मी.

एकदा त्यानं स्वतःहून विचारलं, "तुला माझं माप का येत न्हाय?" मी म्हटलं, "येतं की रं." तो म्हणाला, "आज्जी म्हंती, येत न्हाय." त्या आठवड्यात मी लाइनवर दोन बाह्या उलट्या जोडल्या आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझा हात गेला.

पुढच्या वर्षी शौर्य शाळेत जायला लागला आणि संक्रांतीच्या सुमाराला गॅदरिंगचं निघालं. शौर्य मावळा होणार होता. मी परत माप विचारायला फोन केला. त्याच वेळी शिवक्का विरजण मागायला आमच्या दारात आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांचा फोन आला. नेहमी जेवलीस का विचारतात, त्या दिवशी विचारलं नाही.

"काय माप सांगिटलं तुला?"

मी सांगितलं.

"पोरगं शाळंत हाय. टेप खुट्टीला हाय. आन तुझी सासू भाकरी थापत थापत आकडं सांगतीया. तुझं शिवणं चुकल्यालं न्हाय पोरी. तुला माप खोटं मिळतंय."

मी म्हटलं, "असं का करतील त्या, अक्का?"

"का करतील म्हंजे? पोरगं तुला विसराय पायजे की. त्ये आपसूक इसरंना, म्हणून."

मला राग यायला पाहिजे होता. पण आधी हायसं वाटलं, की माझा हात गेलेला नाही. रडू त्याच्यानंतर आलं.

थोड्याच दिवसांत शिवक्कांची इथली बहीण गावाहून परत आली, तिच्याजवळ शिवक्कांनी भडंगाची पिशवी दिलेली. भडंगात पांढऱ्या दोऱ्याची गुंडी. फोनवर शिवक्कांनी समजावलं, "गाठी जवळ हाईत त्या टोकापासनं मोज. पयली गाठ बाहीची, दुसरी छातीची. सगळा दोरा म्हंजे टाळूपासनं टाच." शौर्य त्यांच्याकडं चिंचेला गेला होता, तेव्हा खेळ म्हणून घेतलं होतं. मी खोलीत उभी राहिले, दोऱ्याचं एक टोक टाचेखाली दाबलं आणि दुसरं वर ओढलं. कमरेच्या वर गेलं. निघताना माझ्या मांडीपाशी होता तो. बाकीच्या तिघी स्वयंपाकाला लागल्या होत्या, मी तशीच दोरा धरून उभी.

मावळ्याचा अंगरखा भगव्या कापडाचा शिवला. मुंडासं, शेला, सगळं. आतून टोचू नये म्हणून अस्तर लागत होतं. तेव्हा ती शर्टाची पाठ काढली. त्यांचं माझ्याजवळ उरलेलं तेवढंच कापड होतं. कात्री चालवायला हात धजेना. पण पोराच्या पाठीला त्याच्या बापाची पाठ लागू दे म्हटलं, आणि कापलं.

आत्तींनी अंगरखा झोपलेल्या शौर्यच्या अंगावर धरून बघितला, माप बरोबर होतं. तिथंच सगळं बिघडलं. आत्तींना कळलं, माप कुठनं गेलं ते. त्या शिवक्कांच्या दारात गेल्या आणि सगळ्या गल्लीच्या समोर म्हणाल्या, "तुला झालं न्हाईत म्हणून दुसऱ्याच्या पोरांची मापं घेत फिरतीस व्हय गं, वांझुटे?"

शिवक्का म्हणाल्या, "व्हय. मापच घेतलं की. पोर न्हाय घेतलं कुणाचं."

ज्यांची पोरं शिवक्कांच्या कुंच्यांत वाढली, त्या बायाही दारात उभ्या होत्या, त्याही गप्प राहिल्या. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. त्या दिवसापासून शौर्यला शिवक्कांचं दार बंद. त्याला सांगितलं गेलं की मावळ्याचा ड्रेस मम्मीनं कोल्हापुरातनं आणलाय.

गॅदरिंगचा व्हिडिओ दिरांनी ग्रुपवर टाकला, हसण्याची चित्रं लावून. सगळी पोरं भगवी, आणि मधे माझा एकटा निळ्या चौकड्यांचा. अंगरखा उलटा. शिवण बाहेर, दोरे लोंबणारे, मुंडासं डोळ्यावर आलेलं. माइकवर कुणी तरी म्हणालं, "ह्यो मावळा घाईत उठून आल्याला दिसतोय." सगळं मैदान हसलं. शौर्यच्या एका गालावर लाल वळ होता. तो हसत नव्हता. खाली आत्तींनी लिहिलं होतं, आईनं उलटा शिवला.

मी फोन पालथा ठेवला. मला वाटलं, घालताना कुणी तरी मुद्दाम उलटा घातला.

शिवक्का मैदानात मागं, पोरांना कपडे चढवत होते त्याच्या जवळच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाकळेचं कळलं. मी गेल्यावर महिन्याभरातच आत्तींनी ती गोठ्यात नेली आणि थंडीत रेडकाच्या अंगावर टाकली. शेणामुतानं कापड कुजलं, पण मधल्या चौकड्या अजून दिसतात. शौर्य शाळेतनं आला की गोठ्यात जातो आणि रेडकाच्या पाठीवरच्या त्या खिशात हात घालून बसतो. घरच्यांना वाटतं, पोराला जनावराचा लळा आहे.

त्या दिवशी अंगरखा चढवताना त्याला अस्तर दिसलं. त्यानं अंगातनं काढला, स्वतःच्या हातानं उलटा केला आणि घातला. आत्ती म्हणाल्या, "सरळ घाल." तो म्हणाला, "ह्ये आईच्या वाकळंचं हाय. मम्मीनं न्हाय आणल्यालं." तेव्हा थप्पड बसली. परत सरळ करायला गेल्या तर त्यानं दोन्ही मुठींत कापड धरून ठेवलं. शेवटी नाव पुकारलं म्हणून तसाच सोडला.

मला वाईट वाटलं की बरं वाटलं, खरंच सांगता येत नाही. माझ्या शिवणामुळं माझ्या पोरानं मार खाल्ला. सगळ्या गावासमोर त्याचं हसं झालं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो मला आई म्हणाला, तेही मी तिथं नसताना. अंगरखा आत्तींनी चुलीत घातला. माझा फोन आता उचलत नाहीत.

मंजुळा विचारते, अक्का, तुझं घर कुठं? पूर्वी मी गावाचं नाव सांगायची. आता नुसतं 'लांब आहे' म्हणते. त्या घरात मी शिवलेलं काही उरलं नाही, रेडकाच्या अंगावरचं सोडून. इथली खोलीही चौघींची. दोरा तेवढा माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. अधूनमधून टाचेखाली धरून बघते. तो आता खोटा झाला असणार, पोर वाढलं असेल. नवं माप घ्यायला कुणाला वाट राहिलेली नाही. स्वतंत्र खोली झाली की मी जाऊन त्याला घेऊन येणार आहे. देतील का, पंचांपुढं बसावं लागेल का, ठाऊक नाही. तरी जाणार आहे.

शिवक्का, तुमचे उपकार बोलून दाखवायचं माझं आधी हुकलं, म्हणून इथं लिहिते. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलीत. तुमच्यासाठी कुणी काही शिवल्याचं मी बघितलं नाही. मी शौर्यला न्यायला येईन तेव्हा आधी तुमच्या दारात येईन, मागच्या वाटेनं नाही, गल्लीतनं, सगळ्यांच्या देखत. तुमच्या सोप्यात बसून तुमच्यासाठी वाकळ शिवीन. तुम्ही म्हणाल, वाकळंला कशाला गं माप. तरी मी घेणार. दोऱ्याचं एक टोक शौर्य तुमच्या टाचेखाली धरील, आणि गाठ मी मारीन.