चाचींची पट्टी

जगातला पहिला व्हिडिओ गेम कोणी काढला, यावर वाद घालायची ज्याला खाज असेल त्याने ती खुशाल भागवावी. फक्त आमच्या मानोरा गावात टीव्हीवाल्या चाचांच्या दुकानात जाऊन भागवू नये. जेवणाची वेळ टळते. चाचांच्या मते गेम पोराटोरांनी काढला नाही, जपान्यांनी तर नाहीच नाही. तो काढला त्यांच्यासारख्याच, पिक्चर ट्यूबमध्ये डोकं घालून बसणाऱ्या मेकॅनिक लोकांनी. अमेरिकेतल्या कुठल्याशा दारूच्या दुकानात पहिली मशीन बंद पडली, मेकॅनिकने उघडली, तर बिघाड काहीच नव्हता, नाण्यांचा डबा गच्च भरल्यामुळे ती अडली होती. ही गोष्ट चाचा अशी सांगत की स्क्रू त्यांनीच काढला असावा. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे ती मी किती वेळा ऐकली हे विचारू नका.

दुरुस्तीची त्यांची रीतही जगावेगळी. टीव्ही सुधारला तरी लगेच द्यायचा नाही. ‘टेस्टिंग’ म्हणून त्यावर चार-सहा दिवस मालिका बघायच्या. आसेगावच्या एका गृहस्थाने पेरणीला आणून दिलेला टीव्ही सोयाबीन निघाल्यावर नेला, आणि नेताना मधल्या काळात मालिकेत काय काय झालं ते चाचांकडूनच समजून घेतलं. घाई करणाऱ्याला चाचा शांतपणे नवा टीव्ही घ्यायचा सल्ला देत.

तर अशा या माणसाने तरुणपणी, एका मासिकातला सर्किटचा नकाशा बघून, स्वतःच्या हाताने कथिलाचे डाग देऊन देऊन एक गेम बनवला. काळा-पांढरा टीव्ही, डावीकडे एक उभी पट्टी, उजवीकडे एक, मधे इकडून तिकडे जाणारा पांढरा ठिपका, वर दोघांचे पॉइंट. जुन्या रेडिओचे दोन कान, म्हणजे फिरवायची बटणं, काढून बसवलेले. कान पिळला की पट्टी वर-खाली. बस, संपला गेम! एकदा तो मोठ्या हौसेने पोहरादेवीच्या यात्रेत मांडला. माणसं जमली, बराच वेळ वाट बघितली, आणि शेवटी एका म्हातारीने पिक्चर कधी सुरू होणार म्हणून विचारलं. चाचांनी त्याच दिवशी बाडबिस्तरा गुंडाळला.

पण या गेमला एकट्याने खेळताच येत नसे. समोर माणूस लागे. ते माणूस म्हणजे चाची. दुपारची नमाज, मग जेवण, मग दुकानाचं अर्धं शटर खाली, आणि आतून टुक, टुक असा आवाज. अकरा पॉइंट आधी करील तो जिंकला. चाची जिंकल्या की आख्ख्या गल्लीला कळे. चाचा जिंकले की त्या दिवशी चहात साखर कमी पडे. असं वर्षानुवर्षं चाललं.

मग चाचींची बोटं संधिवाताने वाकडी होऊ लागली. कान पिळायला वेळ लागे आणि ठिपका निसटून जाई. चाची चिडत नसत, गप्प बसत, आणि चाचांना ते सोसत नसे. एकदा सकाळी मी सुट्टे मागायला गेलो तर चाचा गेमचा डबा उघडून आतला एक बारीकसा रजिस्टन, म्हणजे रेझिस्टर, बदलत होते. तो बदलला की चाचींकडची पट्टी लांब होते, म्हणाले, आणि ओठांवर बोट ठेवलं. चाची त्या दिवशी जिंकल्या. मला बोलावून सांगितलं, “तुह्या चाचाचा हात आता ढिला पडला, भाऊ.”

बोटं वाकत गेली, पट्टी वाढत गेली. चाचींना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्या बाईला भाजीतली एक मिरची कमी पडली तरी कळे. पण दोघांनीही एकमेकांना अवाक्षर विचारलं नाही. शेवटच्या महिन्यांत चाचींची खाट टीव्हीसमोर आणली होती. पट्टी वरपासून खालपर्यंत, अख्ख्या पडद्याएवढी झाली होती. हात नुसता कानावर ठेवलेला. ठिपका चुकायचा म्हटलं तरी चुकत नव्हता.

मागच्या साली चाची गेल्या. मला वाटलं, आता तो डबा माळ्यावर जाणार. चाळिसाव्या दिवसाचा फातिहा होऊन गेला, आणि एका दुपारी भिंतीपलीकडून टुक, टुक ऐकू आलं. जाऊन बघतो तर चाचा एकटेच बसलेले. समोर रिकामी खाट. ते ठिपका मारत होते आणि पलीकडून तो परत येत होता, प्रत्येक वेळी. मला रडू आवरेना. चाचांनी मला बसायला स्टूल दिलं आणि खेळत राहिले.

आता त्यांचेही हात थरथरतात. डाग देता येत नाही, दुकान नावालाच उघडं असतं. परवा शेजारी बसलो होतो, चाचांचा ठिपका सारखा सुटत होता, वर चाचींचे पॉइंट चढत होते. मला बघवेना. मी म्हटलं, चाचा, तुमच्याकडचीही पट्टी लांब करू, तुम्ही नुसतं सांगा, डाग मी देतो.

चाचांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“कायले, भाऊ? तिच्याकून त बॉल सुटतच नाई. मी बी नाई चुकलो, त ते जितन कशी?”

ठिपका आला, त्यांचा हात थरथरला, आणि चाचींचे अकरा झाले.