वाचनालयातून घरी आलेला टीव्ही

पाचवीच्या वर्गावर होते, तेव्हा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "बाई, सर वाचनालयात पडले..." मी पोचेपर्यंत हे गेले होते. महिना उलटला, तरी दुपारी ताट वाढताना हात दुसऱ्या ताटाकडे जातोच.

बोरीजवळच्या आमच्या गावाचं वाचनालय यांनी जन्मभर चालवलं. पगार नावाला, हौस दांडगी! विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत गावातली सवर्ण आणि भीमनगरातली बौद्ध पोरं एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. वाचनालयात तर कुणीच फिरकत नव्हतं. तेव्हा हे नांदेडहून व्हिडिओ गेम घेऊन आले, आणि मला विचारून घरचा टीव्ही तिकडे नेला. पोरं येणारच नाहीत अशी खात्री होती, म्हणून मीही उदारपणे हो म्हणाले. नियम एकच... एक रिमोट गावातल्या पोराकडे, दुसरा भीमनगरातल्या पोराकडे. दोघांनी मिळून शत्रूच्या रणगाड्यांपासून किल्ला राखायचा. जोडी जमली नाही तर खेळ बंद. बरेच दिवस टीव्ही काळाच राहिला. शेवटी पाटलांचा सुधाकर कुरकुरत गेला आणि मिलिंदला बोलावून आला. मग काय, आरडाओरडा शाळेपर्यंत ऐकू यायचा. "आरं मिलिंद, मागून यायलाय बघ!" "तू पुढं सांभाळ, मी हाय की!"

पुढे पोखर्णीहून माझ्या बहिणीच्या सासरची माणसं यायची होती. "टीव्ही घरी आणा," मी म्हणाले. पाहुण्यांना टीव्ही बघायला हवा, हे निमित्त. त्याला कुणाकुणाचे हात लागतात, हे पाहुण्यांना कळू नये एवढीच माझी धडपड. यांनी ते ओळखलं, तरी आणून दिला. पाहुणे गेले. "नेऊ का?" हे अधूनमधून विचारायचे, मी काहीतरी सबब सांगायची. मला दुखवून नेणं यांना जमलं नाही. भांडले असते तर आज मला इतकं लागलं नसतं.

शोकसभा वाचनालयातच झाली. सुधाकर एका भिंतीला, मिलिंद दुसऱ्या भिंतीला. निघताना मिलिंद जवळ आला.

"बाई, टीव्ही बिघडलाय म्हणले होते सर. झाला का दुरुस्त?"

यांनी पोरांना असं सांगितलं होतं... मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

"झाला," मी म्हणाले, "दोघं मिळून न्या." संध्याकाळी मिलिंद एकटाच आला. सुधाकर आला नाही. मग दुसऱ्या बाजूनं मी धरला. भर गल्लीतून, दर चार पावलांवर थांबत निघालो. भलता जड होता. हाच टीव्ही हे त्या दिवशी एकटेच उचलून घरी घेऊन आले होते, आणि मी दारात उभी राहून तो कुठे ठेवायचा ते सांगत होते.