चपलांना कुलूप

"नवरा मारतो का?" मी विचारलं.

"न्हाई, साहेब."

"शिव्या? खर्चाला देत नाही?"

"खर्चाला देतेत की. निस्त्या माज्या चपला कुलपात ठिवतेत."

मला हसू आलं. ते हसू आजही टोचतं.

सुमनबाई राणीसावरगावहून भर उन्हाळ्यात अनवाणी आमच्या समुपदेशन केंद्रात आल्या होत्या. आई पोखर्णीला अंथरुणाला खिळलेली, आणि नवरा भेटायला जाऊ देत नव्हता. तक्रार ऐकायची, दोन्ही बाजूंना समोर बसवायचं आणि हिंसा दिसली तर कोर्टासाठी रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. मारहाणीखेरीज भावनिक आणि आर्थिक छळही कायद्यात हिंसाच आहे. बचत गटांच्या बायकांना हे मीच सांगत फिरायचो. तरी म्हणालो, "बाई, चपलांची केस होत नसते."

आमच्या मॅडमनी ते ऐकलं. "आधी नवऱ्याला तर बोलवा," म्हणाल्या.

फोन केल्यावर नवरा, बालाजी, मोटारसायकलवर आला. गाडी रस्त्यापलीकडे लिंबाखाली लावली, चपला आमच्या दाराबाहेर काढल्या आणि ऐटीत बसला.

"बोट लावलं असंल तर ईचारा तिला! खायाला हाय, ल्यायाला हाय. फकस्त हिंडणं बंद केलंय."

"पाणी पिऊन येते," म्हणत सुमनबाई उठल्या. बराच वेळ परतल्या नाहीत. बालाजी बघायला बाहेर गेला. त्याच्या चपला जागेवर नव्हत्या. तसाच तापलेल्या डांबरावर उतरला आणि उड्या मारत माघारी आला.

"मॅडम, चप्पल नेली तिनं माजी! आता जावं कसं? असं कोंडून घालतेत व्हय माणसाला?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "लिहा. त्यांच्याच शब्दांत."

मी लिहिलं: कोंडून घालणे.

संध्याकाळी सुमनबाईंचा फोन आला. "आईपशी पोचले, साहेब. मालकाच्या चपला लय ढिल्या हुत्या, पर आल्या इथवर."

घरी गेल्यावर मी बायकोच्या स्कूटीची किल्ली माझ्या जुडग्यातून काढून तिला दिली. "पेट्रोल कोण भरणार?" तिनं विचारलं. भरून आणलं.

पुढच्या तारखेला बालाजी पिशवीत बायकोच्या चपला घेऊन आला. चपलांच्या कपाटाची किल्लीही त्याने तिच्याकडे सरकवली. रिपोर्ट मात्र आम्ही फाडला नाही, तो फाइलला राहिला.

आता मी "मारतो का?" हे आधी विचारत नाही. "माहेरी शेवटचं कधी गेला होतात?" असं विचारतो. हा प्रश्न मला सुमनबाईंनी दिला. त्याचा पगार मी घेतो.