हेमाने दिलेले पासवर्ड

ठाकुर्लीच्या हेमाविषयी मी हे लिहीत आहे. अशा माणसांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. मला उतारवयात प्रौढ वर्गात लिहिता येऊ लागले, म्हणून हे काम मी अंगावर घेतले.

१९९४ साली डोंबिवलीच्या एमआयडीसीतील एका रंगाच्या कारखान्यात मी शिपाई होतो. कार्यालयाच्या चार खोल्यांत चार कॉम्प्युटर होते. एका खोलीतले पत्र दुसऱ्या खोलीत हवे असले, तर ते फ्लॉपीत घालून मी नेत असे. हे थांबावे म्हणून साहेबांनी हेमाला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले. काम नीट झाले तर ती कायम होणार होती. तिचे वडील आजारी होते आणि घर तिच्याच पगारावर चालत होते.

तिने कोपऱ्यात पाचवे यंत्र बसवले. त्याला सर्व्हर म्हणत. तेथून चारही खोल्यांत वायर नेली. सर्वांचे कागद आता त्या एका ठिकाणी राहू लागले आणि कोणत्याही खोलीतून उघडता येऊ लागले. तेथूनच ती सर्वांच्या पडद्यावर निरोपही पाठवी. पहिला निरोप आला तेव्हा सगळे काम थांबले, कारण तो काढण्यासाठी दोन बटणे एकदम दाबावी लागतात हे कोणासही ठाऊक नव्हते.

माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच खात्याच्या मालनबाई म्हणाल्या, "हिचा निरोप म्हणजे सासूची हाक. ओ दिल्याशिवाय सुटका नाही."

प्रत्येकाला तिने वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. कोणी काय वाचावे आणि कोणी काय पुसावे, हे त्या नावावरून ठरत असे. सर्वांचे कागद पुसण्याचा अधिकार फक्त हेडक्लार्क उत्तमरावांच्या नावाला होता. परंतु पासवर्ड लपवणे त्यांना रुचले नाही.

"अगं, बावीस वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खातोय आम्ही. ह्यांच्यापासून काय लपवू?"

त्यांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला. हळूहळू सर्वजण त्यांच्याच नावाने काम करू लागले. हेमाने चिठ्ठी पाहिली, पण वडीलधाऱ्या माणसाला कसे बोलावे, म्हणून ती गप्प राहिली.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मालाची सर्व तपासणीपत्रे सर्व्हरवरून नाहीशी झाली. त्यांच्याशिवाय माल बाहेर सोडत नसत. फाटकाशी दोन टेम्पो अडकून पडले. साहेबांनी हेमाला बोलावले. मी पाणी घेऊन आत गेलो होतो.

"कोणी पुसलं?"

"उत्तमरावांच्या नावानं पुसलंय."

उत्तमराव दारातच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे उत्तमरावांनी."

"नाही साहेब. मशीनला नाव कळतं, हात कळत नाही. त्यांचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, हे मला माहीत होतं. मी अडवलं नाही. चूक माझी आहे."

तेव्हा उत्तमरावांच्या मागून मालनबाई पुढे आल्या. "साहेब, मी पुसलं. माझी जुनी पत्रं काढायला गेले, तर अख्खं कपाटच रिकामं झालं."

हेमा रोज संध्याकाळी सर्व कागद एका टेपवर उतरवून ठेवत असे. त्यावरून तिने दुपारपर्यंत ते परत आणले. तरीही साहेबांनी तिला कायम करण्याचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला.

त्याच दिवशी तिने सर्वांच्या पडद्यावर निरोप पाठवला. जुने पासवर्ड बंद केले आहेत, प्रत्येकाने येऊन स्वतःचा नवा टाकावा आणि तो कोणासही सांगू नये. मालनबाई लगेच गेल्या. बाकीचे उत्तमरावांकडे पाहत बसले.

चार वाजता उत्तमराव उठले आणि हेमाच्या शेजारी जाऊन बसले.

"हेमा, जरा तिकडे बघ," ते म्हणाले.

तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. उत्तमराव एका बोटाने टाइप करीत, त्यामुळे बराच वेळ लागला. तोवर ती वळली नाही. त्यांच्यामागून बाकीचेही आले.

वाढवलेली मुदत संपली तेव्हा साहेबांनी उत्तमरावांना हेमाविषयी विचारले, "मुलगी कशी आहे?"

"कडक आहे. माझंसुद्धा ऐकत नाही," उत्तमराव म्हणाले. "ठेवून घ्या."

तिला कायम केल्याचे पत्र त्याच दुपारी निघाले.